संघनायकाची जागा : स्काउट चळवळ आणि तिच्या स्वयंसेवकांच्या मागण्या

स्काउट मास्तर आणि गाइड कॅप्टन यांच्या प्रशिक्षण वर्गात शेवटच्या दिवशी सूचना मागवण्याची पद्धत आहे. कोऱ्या कागदावर प्रत्येकाने दोन-चार ओळी लिहायच्या, कागद गोळा व्हायचे आणि मग समारोपाचे भाषण. या कागदांवर काय लिहिले जाते याचे मला कुतूहल वाटू लागले, त्याला बरीच वर्षे झाली. माझ्याकडे शिक्षणशास्त्राची पदवी नाही आणि चळवळीत कोणतेही पद नाही. जुनी माहितीपुस्तके, शाळांच्या वार्षिकांतले अहवाल, रद्दीवाल्याकडे मिळालेली काही लॉगबुके आणि पथक चालवणाऱ्या शिक्षक-शिक्षिकांशी झालेली बोलणी, एवढीच माझी साधने.

मागण्या थोड्याफार फरकाने सारख्याच असतात. वेळापत्रकात स्काउटिंगला हक्काची तासिका द्या. शिबिराला जाताना कर्तव्यरजा द्या. गणवेशाचा आणि नोंदणीचा खर्च शासनाने उचलावा. कागदपत्रे कमी करा. अभ्यासक्रम आजच्या मुलांना रुचेल असा करा. मुलामुलींचे एकत्र पथक चालवू द्या. शाळेबाहेरच्या मुलांना जोडून घ्या. राज्य पुरस्काराची चाचणी सुटसुटीत करा.

यातली एकही मागणी गैरवाजवी नाही. तरीही ही यादी वाचताना मला एक गोष्ट खटकते. तिच्यात मास्तर आहेत, मुख्याध्यापक आहेत, शासन आहे, जिल्हा कार्यालय आहे. संघनायक मात्र कुठेच नाही. स्काउटिंगमध्ये ‘संघ’ म्हणजे सहा-आठ मुलांची टोळी आणि संघनायक म्हणजे त्यांच्यातलाच एक, जेमतेम वर्षा-दोन वर्षांनी मोठा मुलगा. असे तीन-चार संघ मिळून पथक होते. या रचनेतला नायक नाहीसा झाला आणि त्याचे काम मास्तरांच्या अंगावर आले, असे माझे म्हणणे आहे. तसे असेल, तर मास्तरांचे ओझे कमी करण्याची वाट त्या रिकाम्या जागेपासून सुरू होते.

आधी संघ, मग मास्तर

१९०७च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या ब्राउनसी बेटावर रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी सुमारे वीस मुलांचे शिबिर घेतले. काही मुले बड्या घरची, ईटन-हॅरोसारख्या शाळांतली होती. काही कामकरी वस्तीतली. त्यांचे चार संघ केले होते. पुढच्या वर्षी, जानेवारी १९०८पासून, ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ हे पुस्तक पंधरवड्याला एक भाग याप्रमाणे सहा भागांत निघाले. एका भागाची किंमत चार पेनी. म्हणजे मुलाला खाऊच्या पैशांतून घेता येईल अशी.

पुढे जे झाले ते आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. मुलांनी हे भाग विकत घेतले, आपल्या आपण संघ केले, रानात जाऊन शेकोट्या पेटवल्या आणि नंतर कोणी मोठा माणूस मास्तर व्हायला मिळतो का, ते शोधले. मुलीही थांबल्या नाहीत. १९०९च्या सप्टेंबरमध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या मेळाव्याला काही मुली स्वतःच स्काउटचा वेश करून हजर झाल्या. त्यांचे काय करायचे हा प्रश्न मोठ्यांना पडला आणि त्यातून १९१० साली गर्ल गाइड ही वेगळी संघटना निघाली. चळवळीचा मुलांसाठीचा भाग आणि मुलींसाठीचा भाग, दोन्ही असे खालून वर आले.

हे पुस्तक निरागस नाही, हेही सांगितले पाहिजे. लेखक हिंदुस्थानात आणि आफ्रिकेत सेवा केलेला लष्करी अधिकारी होता. पुस्तकात साम्राज्याचा अभिमान जागोजाग आहे आणि हुकूम बिनतक्रार पाळण्याचा नियमही आहे. मायकेल रोझेन्थाल यांनी १९८६च्या आपल्या ग्रंथात या चळवळीला साम्राज्याला उपयोगी पडणारे नागरिक घडवण्याचा कारखाना ठरवले आहे, आणि त्यांचा पुरावा सहज झटकून टाकता येत नाही. पण याच पुस्तकात एक दुसरी, जवळजवळ उलट गोष्टही आहे. पोरांच्या टोळीला खरी जबाबदारी दिली तर ती टोळी स्वतःला वळण लावते, हा विश्वास. संघनायकांची ‘मानसभा’ पथकाचे निर्णय घेते, शिस्तीचे प्रश्न सोडवते आणि मास्तर तिथे सल्लागार म्हणून बसतो, ही व्यवस्था त्या विश्वासातून पुढे आकाराला आली. एकाच चळवळीत कवायत आणि स्वराज्य शेजारी शेजारी होते. त्यातले आपण काय उचलले, हा माझा प्रश्न आहे.

न बोलावता आलेले

हिंदुस्थानात पहिले पथक १९०९ साली बंगळूरला निघाले, ते युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. हिंदी मुलांना दार बंद होते. म्हणून अॅनी बेझंट यांनी १९१६ साली मद्रासकडे वेगळी संघटना काढली. उत्तरेत श्रीराम बाजपेयी यांनी शाहजहानपूरला मुले जमवली. पुढे मदनमोहन मालवीय आणि हृदयनाथ कुंझरू यांच्या पाठबळाने प्रयागला सेवा समितीची स्काउट संघटना उभी राहिली. १९२१ साली बेडन-पॉवेल भारतात येऊन गेले, बेझंटबाईंची संघटना मूळ संघटनेत विलीन झाली. सेवा समिती बाहेरच राहिली. १९३७मध्ये हिंदी लोकांच्या चारित्र्याविषयी बेडन-पॉवेल यांनी काढलेल्या उद्गारांनी संताप उसळला आणि हिंदुस्थान स्काउट असोसिएशन स्थापन झाली. स्वातंत्र्यानंतर, ७ नोव्हेंबर १९५० रोजी, या संघटना एकत्र येऊन ‘भारत स्काउट्स अँड गाइड्स’ झाली. १५ ऑगस्ट १९५१ रोजी मुलींची संघटनाही तीत आली.

हा इतिहास प्रवेशाच्या धड्यात सनावळी म्हणून पाठ करवून घेतला जातो. त्याचा अर्थ मात्र बाजूला राहतो. इथे ही चळवळ ज्यांनी वाढवली ते सगळे तिच्यात न बोलावता आलेले लोक होते. त्यांत वकील होते, समाजसेवक होते. नागपूरला न्यायाधीश असलेले आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलेले व्हिव्हियन बोस यांच्यासारखा माणूस वर्षानुवर्षे स्काउटिंगमध्ये रमला, तो कोणाच्या आदेशाने नव्हे.

आज चित्र वेगळे आहे. बहुतेक पथके शाळेची आहेत. शाळेची म्हणून मास्तर शाळेचा, आणि शाळेचा म्हणून तो नेमलेला. एका शिक्षकांनी मला सांगितले, “मी रुजू झालो तेव्हा सगळ्यांत नवा मीच होतो, म्हणून स्काउट माझ्याकडे आलं. आधीच्या सरांकडे दहा वर्षं होतं, ते सुटले.” ‘सुटले’ हा शब्द त्यांनी सहज वापरला. हेच सर पुढे मनापासून पथक चालवू लागले, हे त्यांच्या मुलांनी ठेवलेल्या लॉगबुकावरून दिसते. पण सुरुवात आदेशाने झाली, आणि ज्यांना गोडी लागली नाही त्यांची सुरुवातही तशीच झाली. शिक्षणहक्काच्या २००९च्या कायद्यातील कलम २७ शिक्षकांना जनगणना, आपत्ती-निवारण आणि निवडणुका सोडून इतर बिगर-शैक्षणिक कामांना जुंपू नये, असे सांगते. स्काउटिंग शैक्षणिक मानले जात असल्यामुळे ते या कलमाच्या कक्षेत येत नाही. मग ज्याला आपण ‘स्वयंसेवक’ म्हणतो, त्याला नकार देण्याची सोय कुठे आहे?

आणि ज्याने स्वतः निवड केलेली नाही, तो मुलांना निवड कशी देणार? वर्गशिक्षकाची सवय घेऊनच तो मैदानावर येतो. वर्गात चाळीस मुले एकाच सूचनेवर चालतात. पथकातही तसेच घडते. संघनायक नावापुरता उरतो. तो रांगेत पुढे उभा राहतो, हजेरी सांगतो, ध्वजवंदनाला पाहुण्यांना सलामी देतो. या आठवड्यात काय करायचे, सहलीला कुठे जायचे, कोणी स्वयंपाक करायचा, भांडण झाले तर काय, हे सगळे सर ठरवतात. सरांवर ओझे आहे ते यामुळे.

खरी कमाई, खोटा हिशेब

चांगली कल्पना कशी पोकळ होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण ‘खरी कमाई’ आहे. मुलाने आपल्या हातांनी काम करावे, गाडी धुवावी, बाग साफ करावी, किराणा आणून द्यावा. त्या कामाचे दोन पैसे मिळतील ते पथकासाठी वापरावेत. श्रमाला किंमत असते आणि कष्टाचा पैसा मागून मिळालेल्या पैशाहून वेगळा असतो, हे त्यातून अंगी यावे.

मी पाहिलेल्या अनेक शाळांत ‘खरी कमाई’ म्हणजे खाद्यपदार्थांचे स्टॉल. भेळ, वडापाव, ढोकळा, सरबत. पदार्थ आई रात्री जागून करते. सामान बाबा आणतात. मुले टेबलामागे उभी राहतात, गिऱ्हाईक म्हणून दुसऱ्या वर्गातली मुले येतात, त्यांनाही घरूनच पैसे मिळालेले असतात. शेवटी फळ्यावर विक्रीचा आकडा लिहिला जातो आणि ती ‘कमाई’ ठरते. आईच्या कष्टाची किंमत कोणत्याच रकान्यात नसते. दिवस मजेत जातो, याबद्दल तक्रार नाही. अशा मेळाव्यांत मुले धीट होतात. पण एका घरातून निघालेला पैसा दुसऱ्या घरच्या पोराच्या खिशात गेला, तर त्याला कमाई म्हणायचे का, हा प्रश्न मुलांपुढे कोणी मांडत नाही. स्काउटच्या नऊ नियमांत काटकसरीचा नियम आहे. हिशेबाच्या खरेपणाला हात घालण्याची इतकी सोपी संधी दुसरी नाही.

याच मेळाव्याचे पैसे पुढे कुठे जातात, हे मी मुलांना विचारले. बहुतेकांना माहीत नव्हते. एका गाइड पथकात मात्र माहीत होते. तिथल्या बाईंनी वही मुलींकडे ठेवली होती. त्या पैशांतून प्रथमोपचाराची पेटी घ्यायची की तंबूची दोरी, यावर मुलींचे दोन आठवडे वाद झाले आणि शेवटी दोरी आली. बाई हसून म्हणाल्या, “मी असते तर पेटी घेतली असती.” त्या पथकात मानसभा आहे, हे मला निराळे विचारावे लागले नाही.

गुणांचे काय करायचे?

इथवर माझे म्हणणे पटलेला वाचक म्हणेल, मग सवलतीचे गुण, राखीव जागा हे सगळे बंद करा, म्हणजे आपोआप आवडीचीच मुले येतील. मीही काही काळ याच बाजूला झुकले होते. पुरस्कारप्राप्त स्काउट-गाइडला दहावीच्या निकालात सवलतीचे गुण मिळतात. रेल्वेच्या भरतीत स्काउट-गाइडसाठी वेगळा कोटा असतो. त्यामुळे प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, राज्य पुरस्कार, राष्ट्रपती पुरस्कार ही शिडी अनेकांच्या मनात प्रमाणपत्राची शिडी झाली आहे. तयार लॉगबुकावरून उतरवलेली लॉगबुके मी पाहिली आहेत. नदीचे वर्णन शब्दशः तेच, फक्त गावाचे नाव बदललेले; एका गावाला तर नदीच नाही.

पण एका जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षकांनी मला थांबवले. “ताई, तुम्ही शहरातून बोलता. आमच्या पोरांना क्लास नाही, ओळख नाही. रेल्वेत लागलेला एक मुलगा गावात आला, की पुढच्या वर्षी वीस पोरं गणवेश मागतात. ती पोरं आल्यावर मी त्यांना काय शिकवतो, ते माझ्यावर आहे.” या युक्तिवादाला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि असावे असेही मला वाटत नाही. प्रलोभन काढून घेतल्याने नुकसान होईल ते त्या वीस पोरांचे.

म्हणून प्रश्न गुण द्यावेत की नाही हा नसून ते कशावर द्यावेत हा आहे. आजची चाचणी शिबिराच्या काही दिवसांत गाठी, प्रथमोपचार, होकायंत्र, नियम-वचन यांची परीक्षा घेते. पाठ केलेले तिथे चालून जाते. त्याऐवजी वर्षभरात संघाने काय केले याची नोंद पाहावी, आणि ती नोंद मुलांनी स्वतः तोंडी सांगावी. ज्याने खरोखर सात मुलांना घेऊन ओढ्याकाठी रात्र काढली आहे, त्याला दोन प्रश्न विचारले तरी कळते. परीक्षकाला यात कष्ट जास्त आहेत, शिक्षकाला कागद कमी.

परदेशातले दोन धडे

बदलाची मागणी आपल्याकडेच आहे असे नाही. ब्रिटनमध्ये १९६६ साली एका समितीने मोठा अहवाल दिला. त्यानुसार संघटनेच्या नावातून ‘बॉय’ हा शब्द गेला, अर्ध्या चड्डीच्या जागी फुलपँट आली, वयोगट आणि अभ्यासक्रम बदलले. काळाप्रमाणे ते आवश्यक होते. पण पथके चालवणाऱ्या अनेकांना हे वरून लादलेले वाटले आणि १९७० साली जुन्या पद्धतीने चालणारी वेगळी संघटना निघाली. जे लोक दर आठवड्याला मैदानावर असतात त्यांना बरोबर घेतल्याशिवाय केलेला बदल चळवळीला दुभंगतो, हा पहिला धडा.

दुसरा धडा अमेरिकेचा आहे आणि तो जड आहे. तिथल्या संघटनेने मुलांवर अत्याचार केल्याचा संशय असलेल्या प्रौढांच्या फाइली दशकानुदशके गुप्त ठेवल्या. १९६५ ते १९८५ या काळातल्या बाराशेहून अधिक फाइली २०१२ साली न्यायालयाच्या आदेशाने खुल्या झाल्या. २०२०च्या फेब्रुवारीत संघटनेने दिवाळखोरी जाहीर केली. नुकसानभरपाईसाठी ८२ हजारांहून अधिक दावे दाखल झाले. ज्या चळवळीचा पहिला नियम विश्वासार्हतेचा, तिच्यात हे झाले. संघटनेची अब्रू मुलांपेक्षा महत्त्वाची मानली गेली, म्हणून झाले.

आपल्या सूचनांच्या कागदांवर मुलांच्या सुरक्षिततेचा उल्लेख मला फार कमी दिसला. आपल्याकडे २०१२चा पॉक्सो कायदा आहे. त्याच्या कलम १९नुसार अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना देणे बंधनकारक आहे, आणि न दिल्यास शिक्षा आहे. तरीही शिबिराच्या तयारीत तंबू, शिधा, बस यांची यादी असते. एकटा प्रौढ एकट्या मुलाबरोबर बंद जागेत असू नये, असा साधा नियम किती पथकांत मुलांना सांगितला जातो? हा नियम मास्तरांवर अविश्वास दाखवत नाही. चांगल्या मास्तराचे तो रक्षणच करतो. आणि इथेही संघनायकाची जागा महत्त्वाची आहे. जिथे मुलांना बोलायची, निर्णय घ्यायची, ‘नको’ म्हणायची सवय आहे, तिथे ती या बाबतीतही बोलण्याची शक्यता जास्त. हुकूम बिनतक्रार पाळायला शिकवलेले मूल गप्प राहते.

यादीचा क्रम

तर मग मागण्यांची यादी कशी असावी? माझ्या मते तीन गोष्टी सर्वांत वर घ्याव्यात.

पहिली, कोणालाही स्काउट मास्तर किंवा गाइड कॅप्टन नेमताना त्याची लेखी संमती घ्यावी आणि नकार देणाऱ्याच्या सेवेवर त्याचा परिणाम होऊ नये. त्याबरोबरच शाळेबाहेरच्या माणसांना दार उघडावे. मुक्त पथकांची तरतूद संघटनेत आहेच. तिचा वापर वाढवावा. निवृत्त परिचारिका, माजी सैनिक, सह्याद्रीतले गड-किल्ले पायाखाली घातलेले तरुण, असे लोक प्रत्येक तालुक्यात सापडतील. त्यांची रीतसर चारित्र्य-पडताळणी आणि प्रशिक्षण व्हावे. पुण्यात १९६६ सालापासून ‘संगम’ हे गर्ल गाइड-गर्ल स्काउटांचे जागतिक केंद्र आहे. परदेशांतल्या तरुणी स्वखुशीने येऊन तिथे काम करतात. आपल्याच शहरात हे घडत असताना स्वयंसेवक मिळत नाहीत, असे म्हणणे थोडे घाईचे आहे.

दुसरी, मानसभा प्रत्यक्षात भरावी आणि तिचे इतिवृत्त मुलांनी लिहावे. महिन्यातला निदान एक कार्यक्रम आणि खऱ्या कमाईचा पैसा यांवर तिचाच निर्णय शेवटचा असावा. मुले चुकीचा निर्णय घेतील. पेटीऐवजी दोरी घेतील. घेऊ द्यावी.

तिसरी, सुरक्षिततेचे नियम मुलांच्या भाषेत, प्रत्येक पथकात, प्रत्येक शिबिराच्या पहिल्या संध्याकाळी सांगावेत, आणि तक्रार करायची तर ती पथकाबाहेरच्या कोणाकडे करायची, हेही त्याच वेळी सांगावे.

बाकीच्या मागण्या यांच्या मागोमाग येतील. तासिका मिळाली पण त्या तासिकेत मुले नुसती रांगेत उभी राहिली, तर एन.सी.सी.ची एक फिकट नक्कल होईल, एन.सी.सी. तर १९४८च्या कायद्याने वेगळी आहेच. मुलामुलींचे एकत्र पथक व्हावे असे मलाही वाटते, पण ते करताना मुलींना विचारले जावे. त्यांच्यातल्या काहींना स्वतंत्र गाइड पथक हीच गावातली एकमेव मोकळी जागा वाटते, असे त्यांनी मला सांगितले आहे. अभ्यासक्रम नवा करायचा तर पूर, दरड, वीज कोसळणे, मोबाइलवरची फसवणूक हे विषय यावेत. पण कोणत्या क्रमाने, हे कोकणातल्या संघाने आणि मराठवाड्यातल्या संघाने वेगवेगळे ठरवायला हरकत नसावी.

१९०८च्या मूळ नियमांत एक असा होता की स्काउट अडचणीतही हसतो आणि शीळ घालतो. आपल्या नऊ नियमांत त्या जागी धैर्य आले, शीळ गेली. शिस्तीच्या दृष्टीने ते कोणाला योग्य वाटले असेल. पण सूचनांचे कागद पुढच्या वेळी फिरतील तेव्हा ते एकदा संघनायकांकडेही जावेत. त्यांच्या यादीत काय निघेल, हे मला वाचायचे आहे.